भाषेची अवघडता आणि सीमाभागाची साक्ष

बीदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वसलेल्या औराद तालुक्यात मराठी, कन्नड, दखनी उर्दू, तेलुगू आणि लमाणी या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजारात नांदत आल्या आहेत. या परिसरातील मराठीविषयी दोन अभिप्राय नेहमी ऐकू येतात. कन्नड घरातील माणूस म्हणतो, मराठी फार अवघड. पुण्याकडचा पाहुणा म्हणतो, इकडची मराठी अशुद्ध. हे दोन्ही अभिप्राय कोणत्या मापाने दिले जातात, याचा विचार मात्र सहसा होत नाही. भाषेची अवघडता मोजावयाची असेल तर प्रथम माप तपासावयास हवे. आणि ते तपासण्यास सीमाभागाइतकी योग्य भूमी दुसरी नाही.

येथील इतिहासच याची साक्ष देतो. निजामी राजवटीत आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू ही कारभाराची भाषा होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाऊ लागले. कुळाला आपल्या जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी जाणत्याचे दार ठोठवावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. औराद म्हैसूर राज्यात राहिला. १९६३ च्या कायद्याने कन्नड तेथील राजभाषा झाली. बोली तीच, शेतेही शेजारशेजारची. परंतु उदगीरच्या शेतकऱ्याला जी भाषा कचेरीत सोपी झाली, ती औरादच्या शेतकऱ्याला तेथे मिळेनाशी झाली. भाषेची रचना काडीमात्र बदलली नव्हती. बदलले होते ते वाचणाऱ्याचे आणि कागदाचे अंतर.

अभ्यासकांची मापे या भागापर्यंत उशिरा पोहोचली. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि शिष्ट मराठीला नियमांची चौकट मिळाली. ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. पण ही पाहणी हैदराबाद संस्थानात झालीच नाही. नियम होते, नकाशा होता. येथील बोली मात्र त्या नकाशाबाहेर राहिली.

पुढे पाश्चात्त्य देशांत प्रत्यक्ष आकड्यांनी मोजण्याचे प्रयत्न झाले. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी एका शब्दात सरासरी किती अर्थघटक येतात ते मोजण्याची रीत सांगितली. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये वाक्याची लांबी आणि शब्दांतील अक्षरावयव यांवरून इंग्रजी मजकुराची सुबोधता ठरविणारे सूत्र मांडले. ही मापे उपयोगाची आहेत, पण मराठीला ती जशीच्या तशी लावता येत नाहीत. ‘देवळाजवळच्यांना’ या एका शब्दात सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय यांची मालिका आहे; तरी खेड्यातील लहान मूल तो सहज समजते. ‘अनृत’ हा शब्द तीनच अक्षरांचा. पण तो अनेक शिकलेल्यांनाही अडवितो. लांबी डोळ्यांना दिसते, परिचय दिसत नाही.

शिकणाऱ्याची अडचण आणखी वेगळी असते. मराठीत ‘भिंत पडली’, ‘घर पडले’, ‘दगड पडला’ अशी तीन रूपे होतात. कन्नडमध्ये गोडे, मने, कल्लु या तिन्हींना एकच ‘बित्तु’ पुरते, कारण तेथे लिंग मुख्यतः अर्थावरून ठरते. म्हणून कन्नड मुलाला भिंत स्त्रीलिंगी आणि दगड पुल्लिंगी का, हे कोणत्याच तर्काने उमगत नाही; ते पाठच करावे लागते. उलट कन्नडमधील ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांचा भेद मराठी कानाला सहज पकडता येत नाही. लिपीचेही तसेच. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, हे दोन उच्चार देवनागरीत एकाच रूपाने लिहिले जातात. मराठी वाचक संदर्भाने निभावून नेतो, नवशिका अडखळतो. तेव्हा अवघडता ही केवळ भाषेत नसते. ती कोठून निघून कोठे पोहोचावयाचे यावरही अवलंबून असते.

या विचाराला भक्कम आधार मिळाला तो सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या अभ्यासाने. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तेथील चार भाषांपैकी कन्नड, मराठी आणि उर्दू यांची तपासणी केली आहे. शतकानुशतकांच्या सहवासाने या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, एका भाषेच्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसऱ्या भाषेचे वाक्य तयार व्हावे. शब्द मात्र प्रत्येकाने आपलेच राखले होते. तेथील मराठीत माणसे वगळता बाकी सारे नपुंसकलिंगी झाले होते. ‘नदी आली’ ऐवजी ‘नदी आलं’. व्याकरणाच्या पुस्तकाने पाहिले तर ही चूक. पण ज्या गावात चार भाषा रोज बोलाव्या लागतात, तेथे सर्वांचे ओझे हलके करणारी ती सामाजिक तडजोड होती. घरची भाषा न सोडता शेजाऱ्याची भाषा बोलता यावी, यासाठी मोजलेली ती किंमत होती.

लुप्यान आणि डेल यांनी २०१० मध्ये दोन हजारांहून अधिक भाषांची तुलना करून असे दाखविले की, ज्या भाषा अधिक लोक आणि अधिक परके लोक बोलतात त्यांची रूपरचना सामान्यतः साधी असते. म्हणजे सोपेपणा हा दारिद्र्याचा पुरावा नाही. पुष्कळदा तो पाहुण्यांसाठी उघड्या ठेवलेल्या दाराचा पुरावा असतो.

याच्या उलट दार बंद करणारी अवघडताही असते, आणि ती बहुधा शिष्टांकडूनच येते. १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाचा पदनाम कोश निघाला, तेव्हा त्यातील संस्कृतप्रचुर शब्दांमुळे आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले. फारसी कागद वाचता न येणारा कुळवाडी आणि संस्कृतनिष्ठ परिपत्रकापुढे थबकणारा नागरिक यांच्या अडचणीत तत्त्वतः फरक नाही.

सीमाभागातील विद्यार्थ्याच्या वहीत ‘नदी आलं’ या शब्दांखाली तांबडी रेघ ओढली जाते. प्रमाणभाषा त्याला यावयासच हवी. परीक्षा, नोकरी आणि ग्रंथ यांचा मार्ग तिच्यातूनच जातो. परंतु त्या रेघेने त्याला आपली घरची बोलीच हीन वाटू लागली तर तो पुस्तकापासून दुरावतो, आणि कालांतराने मराठीपासूनही. शिक्षकाने एवढेच सांगावे की, हे घरचे रूप आणि हे ग्रंथाचे. दोन्हींना आपापले नियम आहेत.

सीमेवरील ग्रंथालयाचे कार्य येथेच सुरू होते. शाळा चूक दाखविते, कचेरी भाषा ठरवून देते. ग्रंथालय मात्र वाचकाला न तपासता पुस्तक हाती देते. अपरिचित शब्द दहा वेळा भेटला की तो अपरिचित राहत नाही. अवघडता कमी करण्याचा याहून जुना आणि याहून खात्रीचा उपाय नाही. शंभर वर्षे पुस्तके देवघेवीत ठेवणाऱ्या संस्थेने भाषेच्या अवघडतेचे माप कधी काढले नसेल; ती अवघडता मात्र तिने एकेका वाचकापाशी कमी केली आहे.