पहिल्यांदाच तंबूत राहायला निघणाऱ्या कुटुंबांसाठी : सामान काय घ्यावे, काय घेऊ नये

दिवाळी आटोपली आणि माळव्यात थंडी पडू लागली की मंडळातल्या तरुण जोडप्यांकडून एक विचारणा हमखास होते : मुलांना घेऊन एक-दोन रात्री तंबूत राहायचे आहे, तर काय काय विकत घ्यावे? त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र देत आहोत. ती देवास, धार, इंदूर या परिसराला आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांना धरून आहे. पावसाळ्यातल्या मांडूची कितीही भूल पडली तरी लहान मुलांबरोबरची पहिली रात्र पावसात काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तंबू तसा आपल्याला नवा नाही. १७२८ च्या सुमारास तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या बंधूंनी देवासला बस्तान बसवले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मराठा फौजांबरोबर मजल दरमजल करत, राहुट्यांत मुक्काम ठोकत इकडे आले. डेरा, कनात, तणावा, मेख हे शब्द त्याच मुक्कामांतले. मुलांना ते तंबू उभारताना जरूर सांगा. दुकानात मात्र टेंटच मागावा लागेल.

आधी अंथरूण

बहुतेक कुटुंबांचा सगळा खर्च तंबूवर होतो आणि रात्र बिघडते ती अंथरुणामुळे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा रात्री १० अंशांच्या खाली उतरतो, थंडीची लाट आली तर ५ अंशांच्या आसपासही जातो. अशा वेळी थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते. जमीन अंगातली ऊब शोषून घेते. ऊब धरून ठेवते ती कापसातली हवा; पाठीखाली दबलेल्या कापसात ती हवाच उरत नाही. म्हणून दोन रजया पांघरूनही माणूस पहाटे कुडकुडत उठतो.

यावर उपाय स्वस्त आहे. प्रत्येकासाठी एक फोमची चटई घ्या, गुंडाळी करता येणारी, साधारण १ सेंटिमीटर जाडीची. फोम दाबून पाहा, लगेच पूर्ववत व्हायला हवा. खाली ताडपत्री, तिच्यावर घरची सतरंजी, मग चटई आणि सगळ्यात वर गोधडी, असा क्रम ठेवा. हवा भरायची गादी दिसायला आरामाची असली तरी साध्या गादीतली हवा आत खेळत राहते आणि जमिनीचा गारवा वर आणते. ती घरात असेलच तर तिच्यावर फोम किंवा जाड गोधडी घातल्याशिवाय मुलांना झोपवू नका.

स्लीपिंग बॅग हवीच का? गाडीने जाणार असाल तर नको. घरच्या रजया, दुलया पुरतात. फक्त त्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, कारण दवाने ओला झालेला कापूस रात्रभर वाळत नाही. स्लीपिंग बॅग घेतलीच, तर तिच्यावरचे आकडे नीट वाचा. चांगल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल इतके तापमान, त्यात झोप लागण्याचा प्रश्नच नाही. आपल्यासाठी कम्फर्टचा आकडा पाहावा आणि तो ५ अंश किंवा त्याहून कमी असावा. लहान मुलाला मोठ्यांची बॅग दिली तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली दाबा. रिकामी जागा गरम करायला लेकराच्या अंगात तेवढी ऊब नसते. झोपताना कोरडे मोजे आणि कानटोपी.

तंबू

चार जणांचा तंबू म्हणजे चार माणसे खांद्याला खांदा लावून झोपतील एवढी जागा. त्यात पिशव्या नाहीत, कूस बदलणे नाही. चौघांच्या कुटुंबाने सहा जणांचा घ्यावा. तंबू दोन पदरी असावा : आतला जाळीदार, वरचा पाणी अडवणारा, दोन्हींत चार बोटे अंतर. एकपदरी तंबूत आपल्याच श्वासाची वाफ छताला थिजते आणि पहाटे अंगावर ठिबकते. तंबू गळतो अशी तक्रार पुष्कळदा या ठिबकण्याचीच असते. म्हणून थंडी असली तरी हवेची खिडकी पूर्ण बंद करू नये.

हिवाळ्यात मावठा कधीही गाठतो. वरच्या कापडाचा जलरोधक आकडा १५०० ते २००० मिलिमीटर असला तर आपल्याकडे पुरे. खाली घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान हवी. बाहेर डोकावणारी कड पावसाचे पाणी थेट अंथरुणाखाली आणते. तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक मेखा माळव्याच्या काळ्या मातीत ओल असताना सुटतात आणि मुरमाड जागी वाकतात. लोखंडी मेखांचा एक जोड आणि हातोडी वेगळी घ्या.

चूल, पाणी, उजेड

५ किलोचा गॅस सिलिंडर आणि एका शेगडीवर चार माणसांचा स्वयंपाक आरामात होतो. भांडी घरचीच न्या. नवीन कॅम्पिंग भांड्यांचा संच, घडीचे टेबल, शोभेचे कंदील यांवर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नका. पाण्याचा २० लिटरचा कॅन न्या, नदीचे पाणी पिण्याचे धरू नका. डोक्याला बांधायचे दिवे दोन तरी हवेत, म्हणजे रात्री मुलांना बाहेर नेताना हात मोकळे राहतात.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल तंबूत कधीही पेटवू नका. बंद जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

जागा

पहिली रात्र सरकारी व्यवस्थेत काढावी असे आम्ही सुचवू. खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागरच्या काठी हनुवंतिया आहे. तिथे तंबूत राहण्याची सोय आधी आरक्षण करून मिळते. तिथे एक रात्र काढली की आपल्याला काय लागते ते कळते, मगच खरेदी करावी. खिवनी अभयारण्य आपल्या जवळचे, पण तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम आणि आग दोन्ही निषिद्ध.

नर्मदेच्या वाळूत तंबू ठोकू नका. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावस्येसाठी जमलेल्या भाविकांवर वरच्या इंदिरा सागर प्रकल्पातून सोडलेले पाणी आले आणि साठहून अधिक माणसे बुडाली. आभाळ निरभ्र असले तरी धरणाखालची नदी रात्रीत चढू शकते. काठापासून दूर, उंचावर, गावकऱ्यांना विचारून जागा निवडावी.

साप थंडीत कमी फिरतात, तरी तंबूची चेन सदैव बंद ठेवा आणि सकाळी बूट झटकून घाला. मण्याराचा, इकडे ज्याला करैत म्हणतात त्याचा दंश झोपेत कळतही नाही. शंका आली तर उपचारात, मंत्रात वेळ न घालवता १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

नवा तंबू आधी अंगणात उभारून त्यात एक रात्र झोपा. गच्चीवर मेखा ठोकता येत नाहीत, त्यामुळे तिथली तालीम अर्धवट राहते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक तंबू घेतला तरी चालतो, वर्षातून तो चार-सहा रात्रीच तर वापरला जातो. चटया आणि पांघरुणे मात्र ज्याची त्याची असावीत. घरी परतल्यावर तंबू कोरडा वाटला तरी दिवसभर सावलीत पसरून वाळवा. ओल राहिली तर पुढच्या दिवाळीला पिशवी उघडताना बुरशीचा वास येईल, आणि पाणी अडवणारा थरही सुटू लागलेला असेल.