शेगडी आणि सल्ला

काही वर्षांपूर्वी बेंगळुरूच्या एका इस्पितळात मी तासभर दुभाषा झाले. ओळखीच्यांनी विचारलं होतं : निपाणीकडची मंडळी येताहेत, डॉक्टर कन्नड आणि इंग्रजीतून बोलतात, सोबत बसाल का? बाजारापुरतं कन्नड त्या मंडळींना येत होतं, आजारापुरतं नव्हतं. मुलीला पाचवा महिना होता. त्याआधी काही वर्षं तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे घरात सगळे म्हणत तसा ‘एमएस’ होता.

डॉक्टर म्हणाल्या, पोस्टपार्टमचे पहिले तीन महिने जपायचे. मी म्हटलं, बाळंतपणानंतरचे तीन महिने. आई लगेच म्हणाल्या, “त्याची काळजी नको. सव्वा महिना आम्ही खाटेवरून उतरूच देत नाही. शेक-शेगडी, कढत पाण्याची न्हाणी, सगळं करू.” शेगडी म्हणजे काय ते मी डॉक्टरांना समजावलं, तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्यांनी काय सांगितलं ते पुढे येईलच. पण आईंचा मूळ प्रश्न वेगळा होता आणि तो त्यांनी मलाच दबक्या आवाजात विचारला : “आम्हाला तर आधी सांगितलं होतं, हिला मूल नको. आता कसं काय चालतंय?” या ‘नको’चा माग काढण्यात माझे पुढचे कितीतरी महिने गेले.

एमएसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर उलटते. एका डोळ्याला धूसर दिसतं, पाय बधिर होतो, तोल जातो. काही आठवड्यांनी बरंचसं भरून येतं आणि पुन्हा कधीतरी झटका येतो. 1868 मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रियेर इस्पितळात शार्को यांनी या रोगाचं नीट वर्णन केलं. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. म्हणजे नेमकं लग्नाचं आणि मुलांचं वय.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन वैद्यकीय लेखनात अशा बायकांच्या हकिगती येऊ लागल्या, ज्यांचे पाय बाळंतपणानंतर गेले. हकिगती खऱ्या होत्या. पण डॉक्टरांसमोर येत होती ती पाय गेलेली बाई. जी बाळंत होऊन आपल्या पायांनी घरी गेली, तिची हकिगत कोण लिहिणार? त्या हकिगतींच्या ढिगातून सल्ला तयार झाला : लग्न करू नये, केलं तर मूल होऊ देऊ नये, दिवस गेलेच तर गर्भपात करावा, जमल्यास नसबंदीही. तो डॉक्टरांनी एकमेकांच्या पुस्तकांतून उचलला. अनुवादकाला हा प्रकार ओळखीचा वाटतो. पहिल्या अनुवादातली चूक दुसरा अनुवादक मूळ न बघता उचलतो आणि तिसऱ्या आवृत्तीपर्यंत तिचा वाक्प्रचार झालेला असतो.

1950 च्या आसपास अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये काहींनी बायका मोजायला सुरुवात केली, आणि गरोदरपणाने रोग कायमचा बळावतो असं आकड्यांत दिसेना. पाठ्यपुस्तकं मात्र आपल्या गतीने चालली.

आपल्याकडे गोष्ट आणखी अडकली. एमएस हा थंड देशांतल्या गोऱ्यांचा रोग, भारतात जवळजवळ नाहीच, अशी समजूत दीर्घकाळ होती. मुंबईत नोशिर वाडिया, भीम सिंघल यांच्यासारख्या मेंदूविकारतज्ज्ञांनी भारतीय रुग्ण नोंदवून ती ढिली केली. 1988 आणि 1990 साली मुंबईच्या पारशांवरचे अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यांत लाखामागे वीसहून अधिक रुग्ण निघाले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 मध्ये मुंबईतच सुरू झाली. बेंगळुरूला निम्हान्स 1974 पासून आहे आणि सीमाभागातली मराठी माणसं रात्रीच्या गाडीने तिथे येत आली आहेत. पण रोगाचं नाव कळण्याआधी ज्या बायका झिजल्या त्यांचं काय? मराठीत त्यांच्यासाठी शब्द होता : सुवारोग. बाळंतपणानंतर बाई उठेना, हातपाय जड झाले, की सुवारोग. त्या एका शब्दाखाली जंतुसंसर्ग, रक्तक्षय, उदासी असं काय काय निजलेलं असेल. त्यात क्वचित एखादा एमएसही असणार, असं मला वाटतं.

1971 च्या गर्भपात कायद्यामागे शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालची समिती होती. आईच्या जिवाला किंवा आरोग्याला गंभीर धोका असेल तर गर्भपाताची मुभा मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. मात्र धोका कशाला म्हणायचं हे डॉक्टरच्या शिक्षणावर ठरणार, आणि शिक्षण जुन्या पुस्तकावर. ‘करता येईल’ आणि ‘करायलाच हवं’ यांतलं अंतर घाबरलेल्या घराला दिसत नाही.

निर्णायक मोजणी 1998 मध्ये प्रसिद्ध झाली. ल्यों शहरातल्या क्रिस्तियाँ काँफाव्हरू यांच्या नेतृत्वाखाली युरोपातल्या 12 देशांतल्या 254 बायका आणि त्यांची 269 गरोदरपणं बाळंतपणानंतरपर्यंत पाहिली गेली. गरोदरपणाच्या आदल्या वर्षी झटक्यांचं प्रमाण दर बाईमागे वर्षाला 0.7 होतं. शेवटच्या तीन महिन्यांत ते 0.2 वर उतरलं. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते वर्षाच्या हिशेबाने 1.2 वर चढलं आणि मग पूर्वपदाला आलं. त्या काळात अपंगत्व वाढण्याचा वेग बदलला नाही. स्तनपानाने किंवा कण्यातून दिलेल्या भुलीने नुकसान झाल्याचंही दिसलं नाही. 2004 मध्ये याच बायकांचा दोन वर्षांचा पाठपुरावा छापला गेला : पहिल्या तीन महिन्यांत झटका आला तो 28 टक्के जणींना.

म्हणजे जुन्या हकिगतींनी तीन महिने बरोबर पाहिले होते, त्याआधीचे नऊ पाहिलेच नव्हते. गर्भ निम्मा परका असतो. त्याला सांभाळायला आईची संरक्षणयंत्रणा हात आखडता घेते, त्यात एमएसही शांत होतो. प्रसूतीनंतर संप्रेरकं झपाट्याने उतरतात आणि तो लगाम सुटतो.

आता प्रश्न मूल हवं की नको यापेक्षा कोणतं औषध कधी थांबवायचं याचा जास्त असतो. टेरिफ्लुनोमाइड आणि फिंगोलिमोड गरोदरपणात चालत नाहीत, ती आधीच बंद करावी लागतात. टेरिफ्लुनोमाइड शरीरातून लवकर काढायला वेगळं औषध देतात. इंटरफेरॉन बीटाला मात्र युरोपच्या औषध नियामकाने 2019 मध्ये गरज असेल तर गरोदरपणातही मुभा दिली. भारतात रिटुक्सिमॅब स्वस्त म्हणून बराच वापरला जातो. त्याचा परिणाम महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा डोस आणि दिवस राहणं यांचा मेळ घालावा लागतो. हे सगळं दिवस जाण्याआधी बोलायचं असतं. आपल्याकडे ते बोलणं बहुतेकदा नंतर होतं, कारण आधी कुणाला सांगायचंच नसतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आलं, सासरच्या बैठकीत यायला अजून वेळ आहे.

आता शेगडी. 1890 मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी नोंदवलं, की काही एमएस रुग्णांची नजर श्रमानंतर तात्पुरती मंदावते. पुढे कळलं, कारण अंगातली उष्णता. आवरण झिजलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जातो, ताप चढला की तोही अडतो. एमआरआय येण्याआधी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून रोग ओळखण्याची चाचणीच होती. उष्णतेने नवी इजा होत नाही, थंडावलं की बाई पूर्ववत होते. पण तेवढ्या वेळात पाय लटपटतात, आणि न्हाणीघराची फरशी ओली असते. आपल्या घरात बाळंतिणीला ज्या प्रेमाने कढत पाणी घालतात आणि खाटेखाली निखारे ठेवतात, ती जवळजवळ हीच चाचणी, सव्वा महिना रोज.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. पाणी कोमट. शेगडी नको. ताप आला तर वाट बघायची नाही, फोन करायचा. पाय जड झाला आणि तो दिवसभर तसाच राहिला तर उष्णतेचा म्हणून सोडायचं नाही. मग म्हणाल्या, रात्री बाळाला दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, हिची झोप झाली पाहिजे. इथे आई सावरून बसल्या. घरात त्या, त्यांची जाऊ आणि धाकटी मुलगी, रात्री वाटून घेऊ, म्हणाल्या. परदेशी पुस्तिकांत ‘मदतीची सोय करा’ असं एक ओळीचं कलम असतं. पहिलं बाळंतपण माहेरी करणाऱ्या घराला ते शिकवावं लागत नाही.

“आणि डिंकाचे लाडू?” त्यांनी विचारलं. मी अनुवाद करण्याआधीच डॉक्टर हसल्या, कारण ते त्यांच्याही घरी करतात. खाऊ दे म्हणाल्या. मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, सासूबाईंना हे कागदावर लिहून देतील का? मराठीत?” ते कागद मी त्याच संध्याकाळी लिहिले, डॉक्टरांनी खाली सही केली.