अस्सल ‘जनता’च्या शोधात

मनगटी घड्याळाचा भारतातला इतिहास कारखान्यांच्या अहवालांत जेवढा सापडतो, त्याहून जास्त घड्याळजींच्या खणांत सापडतो, असे माझे मत गेल्या चार वर्षांत बनले आहे. निमित्त झाले वडिलांकडून आलेल्या एचएमटी ‘जनता’ घड्याळाचे. घड्याळ बंद पडलेले, चावी झिजून गुळगुळीत झालेली, काच पिवळी पडलेली. दुरुस्त करायचे तर मूळचेच भाग घालून, एवढा माझा आग्रह होता. पण मूळचे भाग म्हणजे नेमके कोणते, हे शोधायला लागल्यावर प्रश्न दुरुस्तीचा राहिला नाही.

हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूरला स्थापन झाली ती यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करण्यासाठी. घड्याळांचा कारखाना १९६१ साली आला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. पहिल्या घड्याळांची खेप पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. तोवर आपल्याकडे घड्याळ म्हणजे स्विस, मग ते परवान्यावर आलेले असो वा चोरट्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलेले. एचएमटीने ते मध्यमवर्गाच्या मनगटावर आणले. मुलगा मॅट्रिक झाला, जावयाचा मान करायचा, कुणी निवृत्त झाले, की एचएमटी. माझ्या वडिलांना ते १९६६ साली, नोकरीत कायम झाल्यावर आजोबांनी घेऊन दिले.

आता गंमत अशी, की या ‘देश की धड़कन’चा आराखडा जपानी होता आणि सुरुवातीच्या काळात सुटे भागही जपानहून येत; बंगळुरात ते जोडले जात. एकेक भाग इथे बनू लागला तो हळूहळू. म्हणजे सर्वांत जुने, सर्वांत ‘अस्सल’ एचएमटी घड्याळ हे सर्वांत कमी भारतीय. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

‘जनता’च्या पोटातले जे यंत्र सर्वांत जास्त आढळते, त्याचा क्रमांक ०२३१. सतरा माणकांचे, हाताने चावी द्यायचे. त्याचे चक्र तासाला १८,००० ठोके देते. सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. हे चक्र ज्या आसावर फिरते त्याची टोके केसासारखी बारीक असतात. घड्याळ पडले की पहिल्यांदा तीच मोडतात. ‘स्टाफ तुटला’ असे घड्याळजी म्हणतो, तो हाच. तबकडीवर ‘पॅराशॉक’ हा शब्द दिसतो, ती या टोकांना धक्क्यापासून वाचवणारी सोय. भाग शोधायचा तर सुरुवात यंत्रावर कोरलेल्या क्रमांकापासून करावी. तबकडीवरच्या नावावर भरवसा ठेवू नये.

त्याला कारण आहे. मुंबईत आणि इतरत्रही जुन्या तबकड्या पुसून पुन्हा रंगवण्याचा धंदा मोठा आहे. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना कुचेष्टेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. कारखान्याने कधी न काढलेले भडक रंग, जाड आणि किंचित तिरकी अक्षरे, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी न जुळणाऱ्या, आत तीन-चार घड्याळांचे अवयव. भिंग लावले की पाच मिनिटांत कळते. मला मात्र या कारागिरांना फसवे म्हणणे जड जाते. त्यांचे गिऱ्हाईक संग्राहक नव्हतेच. लग्नात घालायला घड्याळ नवे दिसावे, एवढेच त्याला हवे होते. फसवणूक सुरू होते ती रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकली जाते तेव्हा.

क्वार्ट्झ आले, १९८७ साली टायटनची घड्याळे बाजारात आली आणि एचएमटीची उतरण सुरू झाली. २०१६ च्या जानेवारीत केंद्राने घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. सुटे भाग येण्याची वाट तिथे संपली. उरले ते घड्याळजींच्या खणांतले. चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, तालुक्याच्या गावांतली मुलांनी मोबाईल दुरुस्तीला दिलेली दुकाने, असा मी हिंडलो. एका गावी वारलेल्या घड्याळजींच्या सुनेने मला काड्यापेट्यांनी भरलेला डबा दाखवला. प्रत्येक पेटीवर शाईने क्रमांक घातलेला. तिथे मला न वापरलेली मेन स्प्रिंग मिळाली. चावी मात्र दुसऱ्या, गंजून गेलेल्या ‘जनता’ची काढून घ्यावी लागली. एक घड्याळ जगवायला दुसरे मोडायचे, हे मनाला लागते; पण ही घड्याळे कोट्यवधींनी निघाली होती, म्हणून आज निदान मोडायला तरी मिळतात.

पाठीचे झाकण उघडल्यावर आत सुईने कोरलेल्या चार तारखा दिसल्या. दुरुस्ती केली की झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि आपली खूण करायची, ही घड्याळजींची जुनी पद्धत. पहिली तारीख १९६८ ची, शेवटची १९८९ ची. त्यांतल्या कुठल्या तरी वेळी मिनिटकाटा बदललेला होता. तासकाट्यापेक्षा तो बारीक आहे, दुसऱ्या मॉडेलचा. माझ्या घड्याळजींकडे जुळणारा मूळचा काटा होता आणि तो बसवायला ते तयार होते. मी नको म्हटले. वडील वीस-पंचवीस वर्षे ज्या काट्यावर वेळ पाहत होते, तो काढून कारखान्यातला आणायचा, तर मी कुणाचे घड्याळ दुरुस्त करत होतो? आईचे मत वेगळे पडले. तिच्या मते काटा विजोडच दिसतो, आणि वडिलांनाही तो कधी आवडला नव्हता.

तबकडीला हात लावलेला नाही. सहाच्या आकड्याजवळ पाण्याचा डाग आहे, तो तसाच आहे. काच नवी आहे, कारण प्लॅस्टिकची काच मुळात झिजून बदलण्यासाठीच असते. चावी आणि स्प्रिंग दुसरीकडची. घड्याळ दिवसाला साधारण दोन मिनिटे मागे पडते. झाकण लावण्यापूर्वी घड्याळजींनी न विचारता आत पाचवी तारीख कोरली.