दरवाजा, चाक आणि पूल : झाशीच्या लक्ष्मी गेटपासून अवजड वाहतुकीच्या परवान्यापर्यंत

प्रास्ताविक

झाशीच्या जुन्या शहराला तटबंदी होती आणि तिला दहा दरवाजे होते : खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झरना. यांपैकी लक्ष्मी दरवाजातून, म्हणजे आजच्या लक्ष्मी गेटमधून, बाहेर पडले की रस्ता लक्ष्मीतालाकडे आणि महालक्ष्मीच्या देवळाकडे जातो. गंगाधरराव नेवाळकरांची छत्रीही त्याच परिसरात आहे. बहुतेक दरवाजांना त्यांतून निघणारा रस्ता जिथे जातो त्या ठिकाणाचे नाव आहे. दरवाजा ही रस्त्याची सुरुवात होती आणि रस्त्याची मर्यादाही होती. कमानीत न मावणारी वस्तू शहरात येऊ शकत नव्हती.

आज मापाबाहेरचा किंवा वजनाबाहेरचा माल रस्त्याने न्यायचा असेल तर कायदा, अर्ज, नकाशे आणि अटी यांतून जावे लागते. वाहतूकदार अशा मालाला ‘ओडीसी’ म्हणतात. या टिपणात आपण तीन प्रश्न पाहणार आहोत. अशी परवानगी देण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला? परवानगी देताना नेमके काय तपासले जाते? आणि जादा भाराला परवानगी देणे व जादा भाराचे पैसे घेणे यांत फरक काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण या विषयाचा इतिहास पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येऊन थांबतो.

१. दरवाजा आणि दस्तक

मराठा राज्यव्यवस्थेत रस्त्याने जाणाऱ्या मालावर नाक्यानाक्यावर जकात घेतली जाई. सरकारी किंवा सवलतीच्या मालासाठी दस्तक मिळे. दस्तक म्हणजे हा माल अडवू नये, असा लेखी हुकूम. वाटेवरच्या करासाठी आणि वाटेच्या परवान्यासाठी ‘राहदारी’ हा शब्द वापरात होता.

या व्यवस्थेत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. जकात किंवा दस्तक हा पैशाचा आणि अधिकाराचा प्रश्न होता. कमानीची रुंदी हा दगडाचा प्रश्न होता. सावकाराने दुप्पट जकात भरली म्हणून दरवाजा रुंद होत नसे. पुढे कायद्याने मापे कागदावर आणली तेव्हा या दोन प्रश्नांची गल्लत सुरू झाली. ती कशी, हे आपण सहाव्या भागात पाहू.

२. तोफगाडा आणि सागरचा रस्ता, १८५८

त्या काळात रस्त्याने जाणारा सर्वांत अवजड माल म्हणजे तोफ. झाशीच्या किल्ल्यात आजही दिसणारी ‘कडक बिजली’ तोफ आपल्याला ठाऊक असते. पण किल्ल्यातली तोफ एकदा बसवली की ती जागची फारशी हलत नाही. वेढा घालणाऱ्याला मात्र आपल्या तोफा शेकडो मैल ओढत आणाव्या लागतात.

सर ह्यू रोज याची फौज १८५८ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला सागरला पोहोचली. तेथून ती पुढे निघाली ती जवळजवळ महिन्याच्या अखेरीस. मधला बराच काळ रसद आणि वाहतुकीची साधने जमवण्यात गेला. वेढ्याची १८ पौंडी तोफ नुसती सुमारे दोन टनांची असे. शिवाय गाडा, गोळे आणि दारू वेगळी. ओढायला बैल आणि हत्ती लागत. मदनपूरची खिंड ओलांडून फौज २१ मार्चला झाशीसमोर आली, २५ मार्चपासून तोफांचा मारा सुरू झाला आणि ३ एप्रिलला शहरावर हल्ला झाला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे या वेढ्यात झाशीतच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा त्या दिवसांचा मराठीतला प्रत्यक्षदर्शी वृत्तांत आहे.

अवजड वाहतुकीच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फौजेला रस्त्याची परवानगी मागावी लागली नाही. नाला खचला, उतार तुटला, तर त्याची भरपाई कोणी कोणाला देणार नव्हते. ज्याच्याकडे सत्ता त्याचा भार, आणि नुकसान वाटेवरच्या गावांचे. आधुनिक परवाना या स्थितीच्या अगदी उलट आहे. रस्ता सर्वांचा आहे, म्हणून मोठ्या भाराच्या मालकाने आधी विचारले पाहिजे आणि नुकसानीची जबाबदारी घेतली पाहिजे, हे त्याचे मूळ गृहीतक आहे.

३. रस्ता कोणाचा? जयकर समिती ते नागपूर योजना

परवानगी द्यायची तर आधी रस्त्याला मालक हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक रस्ते प्रांतिक सरकारे आणि स्थानिक मंडळे यांच्याकडे होते, आणि मोटारींचा भार त्यांना पेलत नव्हता. १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. हेच बॅ. जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. लांब पल्ल्याच्या रस्त्यांचा विकास स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेर गेला आहे, तेव्हा तो राष्ट्रीय प्रश्न मानावा, असे तिचे म्हणणे होते. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. डिसेंबर १९३४ मध्ये भारतीय रस्ते परिषद, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, स्थापन झाली. पुलांची रचना कोणत्या भारासाठी करायची याचे देशभरचे नियम हीच संस्था ठरवू लागली.

कायद्याची वाट याला समांतर चालली. १९१४ चा मोटार वाहन कायदा मुख्यतः नोंदणी आणि चालक परवान्यापुरता होता. १९३९ च्या कायद्याने वाहनाच्या नोंदणीकृत भारित वजनाची मर्यादा आणि संशयित वाहन वजनकाट्यावर नेण्याचा अधिकार आणला. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. तिथे ठरलेल्या ‘नागपूर योजने’ने राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते अशी वर्गवारी केली. रस्त्याचा वर्ग ठरला की त्यावरच्या पुलाची जबाबदारी कोणाची हे ठरते, आणि परवानगी कोणाकडे मागायची हेही. आजही राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्र आणि राज्य रस्त्यासाठी राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग, ही विभागणी त्याच पायावर उभी आहे.

४. तीन कसोट्या

१९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम १ जुलै १९८९ पासून लागू झाले. भाराची तपासणी तीन निरनिराळ्या कसोट्यांवर होते. विद्यार्थी अनेकदा त्या एकत्र करतात, म्हणून त्या वेगळ्या समजून घेऊ.

पहिली कसोटी चौकटीची : लांबी, रुंदी आणि उंची. नियम ९३ वाहनाची मापे ठरवतो. सर्वसाधारण रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. माल वाहनाच्या बाजूंबाहेर, पुढे किंवा मागे आलेला चालत नाही. लक्ष्मी गेटची कमान जे करत होती ते आता हा नियम करतो. कमानीचे हुबेहूब रूप पाहायचे असेल तर विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकावर जावे. वरच्या तारेला माल लागू नये म्हणून तिथे रस्त्यावर आडवी लोखंडी चौकट उभारलेली असते. तिच्याखाली ४.६७ मीटर उंची मोकळी असते.

दुसरी कसोटी चाकाची : प्रत्येक आसावर, म्हणजे एक्सलवर, किती भार येतो. रस्त्याचा थर ट्रकचे एकूण वजन ओळखत नाही, तो एकेका एक्सलचा दाब ओळखतो. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे चाचणी रस्त्यावर ट्रक चालवून मोजमापे घेतली गेली. त्यांतून निघालेला ठोकताळा असा : एक्सलचा भार जितक्या पटीने वाढतो, त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सुमारे १६ पट.

तिसरी कसोटी पुलाची : एकाच वेळी पुलाच्या गाळ्यावर एकूण किती वजन येते. एक्सल वाढवले की रस्त्यावरचा दाब कमी होतो, पण गाळ्यावर ते सगळे एक्सल एकत्र उभे राहतात. रस्ते परिषदेच्या नियमांत यासाठी प्रमाणभार आहेत. ‘वर्ग अ’ म्हणजे ५५.४ टनांची वाहनमालिका आणि ‘वर्ग अअ’ म्हणजे ७० टनांचे पट्ट्यांवर चालणारे, रणगाड्यासारखे वाहन. ‘विशेष वाहन’ हा प्रमाणभार अलीकडे जोडला गेला. त्यात ओढणारे वाहन २५ टनांचे आणि मागे प्रत्येकी १८ टनांचे २० एक्सल धरले आहेत. एकूण ३८५ टन. पण अट अशी की हे वाहन पुलावर एकटे, मधोमध आणि ताशी ५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग न ठेवता जाईल. अटी पाळल्या तरच पूल सुरक्षित, असा हा हिशेब आहे. अट ही परवान्याची शोभा नाही, ती पुलाच्या गणिताचा भाग आहे.

५. न तुटणारा भार

झाशीजवळ खैलार येथे भेलचा कारखाना आहे. १९७० च्या दशकात उभा राहिलेला हा कारखाना वीज ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वे इंजिने बनवतो. झाशीला देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग एकमेकांना छेदतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ येथून ललितपूर, सागर, सिवनी या मार्गाने नागपूरला येतो. तोफा ज्या बाजूने झाशीवर आल्या, त्याच बाजूने आज अवजड यंत्रे दक्षिणेकडे जाऊ शकतात.

मोठा ट्रान्सफॉर्मर नेताना शक्य तेवढे वजन आधी उतरवतात. तेल काढून टाकीत नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरतात. रेडिएटर, बुशिंग आणि तेलाची वरची टाकी सुटी करून वेगळ्या गाड्यांतून पाठवतात. शेवटी उरतो तो गाभा आणि त्यावरची वेटोळी. ती कापता येत नाहीत. असा न तुटणारा एकसंध भार हायड्रॉलिक एक्सलच्या ट्रेलरवर चढतो. या ट्रेलरला अनेक एक्सल असतात आणि द्रवदाबामुळे खाचखळग्यांतही सर्व चाकांवर भार सारखा वाटला जातो.

अशा मालासाठी परवानगी मागताना एक्सलची संख्या व अंतरे, प्रत्येकावरील भार, मापे, मार्ग आणि मार्गातील पूल यांची माहिती द्यावी लागते. राष्ट्रीय महामार्गांसाठी आता ऑनलाइन अर्ज करता येतो. पुढे पायलट गाडी, पुलावर ब्रेक न लावणे, इतर वाहने थांबवणे, नुकसान झाल्यास भरपाईची हमी, अशा अटी असतात.

येथे परवान्याचे तत्त्व स्पष्ट होते. नियमाला अपवाद मिळतो तो वस्तू तोडता येत नाही म्हणून. मालक मोठा आहे किंवा तो पैसे भरायला तयार आहे, हे कारण पुरेसे नाही.

६. पैसे भरून जादा भार? २००५ चा निकाल

वाळू, खडी, सिमेंट, धान्य यांचे दोन ट्रक करता येतात. तरीही ते एकाच ट्रकमध्ये भरले जातात, कारण फेरीचा खर्च वाचतो. कायद्याच्या कलम ११३ नुसार नोंदणीपत्रातील एकूण वजनापेक्षा जास्त भार घेऊन वाहन चालवता येत नाही. कलम ११४ नुसार अधिकारी वाहन वजनकाट्यावर नेऊन जादा माल उतरवायला लावू शकतो. कलम १९४ मध्ये दंड आहे, आणि कलम २०० नुसार काही गुन्हे तडजोड रक्कम घेऊन मिटवता येतात.

काही राज्यांनी या शेवटच्या तरतुदीचा वेगळाच उपयोग केला. ठरावीक रक्कम आगाऊ घेऊन जादा भार नेऊ देणारी कार्डे दिली जाऊ लागली. दंड ही शिक्षा न राहता भाडे बनले. परमजित भसीन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २००५ रोजी हे अमान्य केले. तडजोड रक्कम भरली तरी जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे जाऊ शकत नाही, असा निकालाचा आशय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये झाला, आणि माल उतरवेपर्यंत वाहन हलवता येणार नाही हे कलमातच लिहिले गेले.

सावकाराच्या जकातीने दरवाजा रुंद होत नसे. २००५ च्या निकालाने हीच साधी गोष्ट कायद्याच्या भाषेत पुन्हा सांगितली.

७. मर्यादाच वाढवली तर? २०१८

जुलै २०१८ मध्ये केंद्राने भाराच्या मर्यादाच वाढवल्या. चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, जोड एक्सलची १९ वरून २१ टन आणि ट्रॅक्टर-ट्रेलरची कमाल ४९ वरून ५५ टन. वाहने आणि रस्ते सुधारले आहेत आणि वाहतूक खर्च कमी व्हावा, हा त्यामागचा युक्तिवाद. चौथ्या घाताचा ठोकताळा लावला तर एक्सलचा भार सुमारे १३ टक्के वाढल्याने त्या एक्सलमुळे होणारी झीज सुमारे १.६ पट होते. फेऱ्या कमी होतात हेही खरे, पण १३ टक्के भारवाढीने फेऱ्या १.६ पटीने घटत नाहीत. उरलेला खर्च रस्त्याच्या दुरुस्तीत जातो, आणि तो ट्रक नसलेलेही भरतात.

समारोप

झाशीच्या दरवाजापासून संगणकावरील अर्जापर्यंत परवानगी देणारा बदलत गेला : दरवाजावरचा शिपाई, नाक्यावरचा कारकून, परिवहन अधिकारी, पुलाचा अभियंता. त्याचबरोबर मर्यादाही डोळ्यांना दिसेनाशी झाली. कमान सगळ्यांना दिसत होती. पुलाची ताकद आणि डांबराखालच्या थराची झीज दिसत नाही, म्हणून ती मोडणे सोपे वाटते. परवान्याचे काम ही न दिसणारी कमान कागदावर उभी करणे हे आहे. ट्रान्सफॉर्मरसाठी ती काळजीपूर्वक, मोजून आणि एकदाच उघडावी लागते. खडीच्या ट्रकसाठी ती उघडण्याचे कारण नसते.

चर्चेसाठी प्रश्न

१. चौकट, चाक आणि पूल या तीन कसोट्यांपैकी हायड्रॉलिक एक्सलचा ट्रेलर कोणती कसोटी सोपी करतो आणि कोणती नाही? कारणे द्या.
२. दंड आणि शुल्क यांतील फरक २००५ च्या निकालाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील एखादी जुनी वेस, पूल किंवा रेल्वे फाटक निवडा. त्याने वाहतुकीवर कोणती मर्यादा घातली आणि ती कोणी, कशी बदलली, याची नोंद करा.