गवत कोणाचे? पुसद, १० जुलै १९३०

१/ रूढ समजुतीला प्रश्न विचारणे सर्वसामान्य माणसाला जमते का? की ते मोजक्या विचारवंतांचेच काम? यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या रानात याचे एक उत्तर सापडते. थ्रेड.

२/ एप्रिल १९३० मध्ये दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले गेले खरे. पण इथल्या शेतकऱ्याचे रोजचे दुखणे मीठ नव्हते, जंगल होते.

३/ १८७८ च्या वन कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात ‘राखीव जंगल’ ही वर्गवारी पक्की केली. वऱ्हाडातही तशीच व्यवस्था आली. चराईला परवाना आणि शुल्क. जंगलात शिरलेल्या गुरांना कोंडवाडा. दोन पिढ्यांत ‘जंगल सरकारचे’ ही समजूत इतकी रुळली की ती अनादी वाटू लागली.

४/ मग लोक नियम मोडत नव्हते का? चोरून मोडत होतेच. पण अंधारात गवत नेणारा स्वतःलाही चोरच समजतो. नियम मोडतो; समजूत शाबूत राहते.

५/ १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी सहकाऱ्यांसह पुसदच्या राखीव जंगलात उघडपणे गवत कापले. त्यांना अटक झाली. गवत कापणे नवे नव्हते. ते न लपवणे नवे होते. ‘हे गवत मुळात कोणाचे?’ हा प्रश्न आता चारचौघांत आला.

६/ त्या पावसाळ्यात मध्य प्रांत-वऱ्हाडात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. शेतकरी आणि आदिवासी पुढे आले. २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे गोळीबारात सत्याग्रहींचे प्राण गेले.

७/ म्हणून ‘लोकांना प्रश्नच पडत नाहीत’ हे विधान मला मान्य नाही. प्रश्न मनात असतो. त्याची किंमत एकट्याने मोजण्याची भीतीही असते. सोबत मिळाली की ती ओसरते.

८/ मात्र याच वर्षी, २ मार्चला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. ‘जंगल सरकारचेच का?’ असे विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘देऊळ आपलेच का?’ असे स्वतःला विचारले असेल?

९/ माझा निष्कर्ष एवढाच : जी समजूत आपल्याला जाचते, तिला प्रश्न विचारणे बहुतेकांना जमते. जी आपल्या सोयीची असते, तिच्याबाबतीत मात्र शिकलेला माणूसही अडखळतो. खरी कसोटी तिथे आहे.