ईजेबी आणि स्प्रिंग: फ्रेमवर्क किती मोठे हवे?

फ्रेमवर्क म्हणजे ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा. लायब्ररी आपण हवी तेव्हा वापरतो. फ्रेमवर्कमध्ये सूत्रे त्याच्याकडे असतात आणि आपला कोड केव्हा चालवायचा ते फ्रेमवर्क ठरवते. ही सोय ओझे कशी होते, हे जावा भाषेतील ‘एंटरप्राइज जावाबीन्स’ म्हणजे ईजेबीच्या उदाहरणातून नीट कळते.

ईजेबी १९९८ साली आले. बँकेसारख्या यंत्रणेत एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर पहिली नोंदही रद्द व्हायला हवी. व्यवहार अनेक डेटाबेसवर पसरलेला असेल तर हे फारच अवघड. ही जबाबदारी, शिवाय सुरक्षा आणि दूरच्या सर्व्हरशी संपर्क, ईजेबी स्वतःकडे घेत असे.

पण दोन आकड्यांची बेरीज करणारा बीन लिहायचा झाला, तरी आवृत्ती २ मध्ये दोन इंटरफेस, एक क्लास आणि एक एक्सएमएल फाइल लागे. क्लासमध्ये सक्तीच्या मेथड असत, त्या बहुधा रिकाम्याच राहत. चाचणीसाठी आधी सगळे सर्व्हरवर चढवावे लागे. एकाच डेटाबेसवर चालणाऱ्या छोट्या ॲप्लिकेशनलाही हीच किंमत!

२००० साली मार्टिन फाउलर, रेबेका पार्सन्स आणि जॉश मॅकेन्झी यांनी साध्या जावा ऑब्जेक्टला ‘पोजो’ असे नाव दिले. भारदस्त नाव नसल्यामुळेच लोक साधे ऑब्जेक्ट टाळतात, असा त्यांचा होरा होता. नाव रुजले.

रॉड जॉन्सन यांच्या २००२ मधील पुस्तकासोबत सुमारे ३०,००० ओळींचा कोड होता. त्यातूनच पुढे स्प्रिंग उभे राहिले, त्याची १.० आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. व्यवहाराची हमी त्यात होतीच, मात्र ती साध्या क्लासभोवती बाहेरून गुंडाळलेली. टॉमकॅटसारखा हलका सर्व्हरही पुरे. २००६ मध्ये ईजेबी ३ नेही साध्या क्लासचीच वाट धरली. गंमत अशी, की पुढे स्प्रिंगच इतके वाढले की त्याची मांडणी सोपी करायला २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आणावे लागले.

मग सगळे स्वतःच लिहावे का? लॉगिन, पासवर्ड आणि व्यवहारांच्या बाबतीत तरी नको. तिथली चूक महागात पडते. शिवाय हाताने लिहिलेला साधा कोड वाढत वाढत घरगुती फ्रेमवर्क बनतो, आणि त्याची माहिती फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. निवड करण्यापूर्वी आपल्या कामाचा एक खरा नियम, समजा व्याजाचा हिशेब, त्या फ्रेमवर्कमध्ये लिहून पाहावा. सर्व्हर चालू न करता तो तपासता येतो का, आणि त्यासाठी किती फाइलींना हात लावावा लागला, हे एका दुपारीत समजते.