मुद्रण प्रदर्शने : कोणते गाठावे, कोणते सोडावे?

मुद्रण व्यवसायातील प्रदर्शनांची निमंत्रणे आता छापखान्याच्या टेबलावर वर्षभर येऊन पडत असतात. ग्रेटर नॉयडातील प्रिंटपॅक, मुंबईतील पामेक्स, लेबल छपाईचे लेबलएक्स्पो, जाहिरात फलकवाल्यांचे मीडिया एक्स्पो आणि दर चार वर्षांनी जर्मनीत भरणारे ड्रुपा. शेकडो कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या यादीचे ओझे वाटत नाही. मात्र आठ-दहा कामगारांच्या बळावर चालणाऱ्या छापखान्याचा मालक चार दिवस बाहेर गेला, की कोटेशन अडकतात, प्रुफे तपासायची राहतात आणि ग्राहक शेजारच्या गल्लीत जातो. प्रदर्शनाचा खरा खर्च हा असतो. प्रवेशशुल्क त्यापुढे किरकोळ ठरते.

म्हणूनच प्रदर्शनाची निवड त्याच्या कीर्तीवरून न करता आपल्या छापखान्यात येत्या वर्ष-दीड वर्षात कोणता निर्णय घ्यायचा आहे, यावरून करणे श्रेयस्कर. निर्णयच ठरलेला नसेल, तर सहल तेवढी घडते.

ड्रुपाचे आकर्षण

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात १९५१ मध्ये पहिले ड्रुपा भरले. मुद्रण आणि कागद या अर्थाच्या जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव तयार झाले. अनेक यंत्रनिर्माते आपली नवी यंत्रे ड्रुपासाठी राखून ठेवत आले आहेत आणि एकदा तरी ते पाहावे, अशी मुद्रकांची इच्छा असते. तथापि, त्याचा विस्तार ओसरत चालला आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. २००८ मध्ये तेथे सुमारे ३ लाख ९० हजार लोक आले होते. २०१६ मध्ये हा आकडा २ लाख ६० हजारांवर आला. करोनामुळे २०२० चे प्रदर्शन प्रत्यक्ष भरलेच नाही आणि २०२४ मध्ये ५२ देशांतील १,६४३ प्रदर्शक असूनही भेट देणाऱ्यांची संख्या सुमारे १ लाख ७० हजार राहिली. अर्थात, गर्दी घटणे हे पाहुण्याच्या दृष्टीने वाईटच असते असे नाही. यंत्राजवळ उभे राहून अभियंत्याशी अर्धा तास बोलता येणे ही मोठी सोय आहे.

पुढचे ड्रुपा २०२८ मध्ये आहे. तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, याचा लाभ घ्यावा. प्रदर्शनकाळात ड्युसेलडॉर्फमधील हॉटेलांचे दर अवाच्या सवा वाढतात. त्यामुळे अनेकजण कोलोन, एसेन वा ड्युइसबर्ग येथे उतरून रेल्वेने ये-जा करतात.

दिसते ते मिळतेच असे नाही

२०१२ च्या ड्रुपात सर्वाधिक चर्चा झाली ती बेनी लांडा यांच्या ‘नॅनोग्राफी’ तंत्राची. नाट्यगृहासारख्या मांडणीत होणारी प्रात्यक्षिके पाहण्यासाठी रांगा लागल्या आणि अनेक मुद्रकांनी तेथेच इरादापत्रे दिली. प्रत्यक्षात ग्राहकाच्या छापखान्यात पहिले यंत्र पोहोचावयास सुमारे पाच वर्षे लागली. २०२५ मध्ये तर कर्जाच्या बोजामुळे कंपनीला इस्रायलच्या न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली. यावरून प्रदर्शनातील नवलाई खोटीच असते, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. याच लांडा यांनी १९९३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आयपेक्स प्रदर्शनात ‘इंडिगो’ हे डिजिटल रंगीत छपाईचे यंत्र मांडले होते आणि आज लेबल, फोटोबुक, अल्पसंख्येतील पुस्तके यांची छपाई त्या मालिकेतील यंत्रांवर सर्रास होते.

गंमत अशी, की ज्या आयपेक्समध्ये हे घडले, ते प्रदर्शनच उरले नाही. २०१४ मध्ये ते लंडनला हलविण्यात आले. त्या वेळी हायडेलबर्ग, एचपी, झेरॉक्स यांसारख्या बड्या कंपन्यांनी माघार घेतली. २०१७ मध्ये ते बर्मिंगहॅमला परतले, पण तेच अखेरचे ठरले. नाव जुने म्हणून प्रदर्शन मोठे, हे गृहीतक तेव्हाच मोडीत निघाले. प्रदर्शकांची ताजी यादी पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये, हे उत्तम. ज्या तीन-चार कंपन्यांची यंत्रे पाहायची आहेत त्या नसतील, किंवा असूनही यंत्र न आणता केवळ पडद्यावर चित्रफीत दाखविणार असतील, तर जाण्यात फारसा अर्थ नाही.

देशातील पर्याय

महाराष्ट्रातील मध्यम छापखान्यांपैकी बहुतेकांची गरज देशांतर्गत प्रदर्शनांत भागते. यंत्रनिर्मात्यांची ‘इपामा’ ही संघटना भरविते ते प्रिंटपॅक पूर्वी दिल्लीच्या प्रगती मैदानावर होत असे, आता ते ग्रेटर नॉयडात होते. करोनामुळे लांबलेले प्रदर्शन २०२२ मध्ये, तर त्यानंतरचे फेब्रुवारी २०२५ मध्ये झाले. डाय-पंचिंग, लॅमिनेशन, बाइंडिंग, घडी घालण्याची यंत्रे अशा देशी बनावटीच्या यंत्रांचा धांडोळा घ्यायचा, तर याइतके सोयीचे ठिकाण नाही. मुद्रकांच्या अखिल भारतीय महासंघाशी निगडित पामेक्स २०२० आणि २०२४ मध्ये मुंबईत गोरेगावला भरले होते. पुणे-नाशिकचा मुद्रक सकाळी निघून रात्री घरी पोहोचू शकतो, मशीनमनला सोबत नेऊ शकतो. ही गोष्ट क्षुल्लक नाही. यंत्र चालविणाऱ्या माणसाला जे दोष पाच मिनिटांत दिसतात, ते मालकाला माहितीपत्रकात दिसत नाहीत.

केवळ लेबलचे काम असणाऱ्यांनी सर्वसाधारण प्रदर्शनांऐवजी लेबलएक्स्पो निवडावे. त्याची युरोपीय आवृत्ती २०२५ मध्ये ब्रसेल्सहून बार्सिलोनाला हलली. भारतीय आवृत्ती ग्रेटर नॉयडातच भरते.

टपालाशी संबंधित छपाई करणाऱ्यांची, म्हणजे बिले, विवरणपत्रे, वार्षिक अहवाल छापून पाकिटबंद करून पाठविणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. २०११ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने भागधारकांना अहवाल ई-मेलने पाठविण्यास मुभा दिली आणि या कामाचा पाया हलला. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. अमेरिकेतील नॅशनल पोस्टल फोरममध्ये तेथील टपाल खात्याच्या नियमांची चर्चा होते. तेथील ग्राहकांचे काम करीत नसल्यास भारतीय मुद्रकाला तिचा उपयोग मर्यादित आहे. युरोपातील टपाल प्रदर्शनाच्या नावातच आता ‘पार्सल’ आले आहे, यातून वारे कोठे वाहते ते कळते. अशा व्यावसायिकांनी पाकिटबंदीच्या यंत्रापेक्षा बारकोड, पत्ता छपाई आणि पार्सल वेष्टनाची दालने आधी पाहावीत.

जाताना काय न्यावे?

आपल्याच कामाची फाइल पेन ड्राइव्हवर आणि नेहमीचा कागद सोबत न्यावा. कंपन्या प्रात्यक्षिकासाठी उत्तम आर्ट पेपर वापरतात. छापखान्यात मात्र सत्तर जीएसएमचा मॅपलिथो चालवायचा असतो. डिजिटल यंत्राबाबत प्रतिक्लिक दर, त्यात शाई व सुटे भाग येतात का, किमान क्लिकची अट आहे का, हे लेखी घ्यावे. सेवा अभियंता कोणत्या शहरात राहतो, हा प्रश्न तर विदर्भ-मराठवाड्यातील मुद्रकांनी किमतीच्याही आधी विचारावा. ‘केवळ प्रदर्शनापुरती’ म्हणून सांगितली जाणारी सवलत नंतरही घासाघीस करून बहुधा मिळते. त्यामुळे दालनातच अनामतीचा धनादेश फाडण्याची घाई नको. तेच यंत्र आधीच घेतलेल्या एखाद्या मुद्रकाचा पत्ता मागून घ्यावा आणि परतल्यावर त्याच्या छापखान्यात जाऊन ते चालू स्थितीत पाहावे.